उरलेले फोटो कुठे जातात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे तुम्ही एकटेच विचारत नाही म्हणा. लग्न आटोपून पंधरा-वीस दिवस झाले की हा फोन येतोच. "अहो, दोन दिवसांत साडेपाच हजार फोटो काढले असं तुमचा असिस्टंटच सांगत होता. आम्हाला सहाशे मिळाले. उरलेले कुठे आहेत?" आवाज गोड असतो, पण वाण्याकडून आणलेली पुडी घरी हलकी लागल्यावर जसा होतो, त्या जातीचा.

मी १९९६ साली पुण्यात टिळक रस्त्यावरच्या एका स्टुडिओत उमेदवारी करायचो, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नसे. रोलमध्ये ३६ फोटो. जपून भरला तर सदतिसावा, कधी अडतिसावाही निघायचा आणि त्या दिवशी मालक स्वतःहून चहा मागवायचे. लग्नाला पाच रोल. रोल, धुलाई, प्रिंट असा सगळा हिशेब बोटात घेऊनच बटण दाबायचं. निवड आधीच होऊन जायची. ऐन वेळी मामांनी मध्ये डोकं घातलं, तर डोक्यासकट मामा अल्बममध्ये जायचे. आता कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो आणि निवड नंतर, रात्री घरी बसून करावी लागते. आमच्या धंद्यात त्याला कलिंग म्हणतात. लग्नाचे दोन दिवस सगळ्यांना दिसतात, हे पाच-सहा दिवस घरच्यांशिवाय कुणाला दिसत नाहीत.

अंतरपाट दूर होतो तो क्षण घ्या. शेवटचं 'सावधान' झालं की वरून अक्षता, बाजूने व्हिडिओवाल्याचा पांढरा दिवा, कार्यालयाच्या छतातला पिवळा. मी बटण दाबून धरतो. चौदा फोटो. पहिल्या तिनांत गुरुजींचा हात. चौथ्यात नवऱ्याच्या नाकासमोर तांदळाचा दाणा; तो मोत्यासारखा वगैरे दिसत नाही, अळीसारखा दिसतो. सहाव्यात ती वर बघते तर तो खाली, सातव्यात उलटं. अकराव्यात दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत, कारण मागून कुणीतरी "इकडे बघा, इकडे" ओरडलंय. नवव्यात त्याने तिला नुकतं पाहिलंय आणि ती हार उचलता उचलता ओठ दाबून हसू आवरतेय. तो नववा. बाकीचे सगळे टाकाऊ आहेत असं नाही, दोन-तीन तर चांगले आहेत. पण ते नवव्याच्या शेजारी ठेवले की नववासुद्धा साधा दिसायला लागतो. तुम्ही चौदा बघाल, चौदाही झरझर पुढे सरकवाल आणि ते ओठ तुम्हाला दिसणारच नाहीत.

ही निवड लगेच करता येत नाही. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड रोल संपल्यावर वर्ष-वर्ष तो धूत नसे. फोटो काढतानाचा आनंद डोक्यात ताजा असला की वाईट फोटोही चांगला वाटतो, म्हणून आधी तो आनंद विसरायचा, असं त्याचं म्हणणं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. मी मागतो फक्त चार दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज: "दादा, स्टेटसला दहा-बारा तरी पाठवा ना."

स्वतःच्या फोटोंना मी जास्त निर्दय आहे. बावीस वर्षं विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभा राहतोय. लेन्सवर प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड, तरीही गुलाल आत जातोच. दिवस कलला की पश्चिमेला, अलका चौकाकडे तोंड करायचं. ऊन समोरून येतं, ढोलांवरचा गुलाल पेटल्यासारखा दिसतो आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत जे हाती लागेल ते. बावीस वर्षांतले भिंतीवर लावावेत असे अकरा आहेत. बायको म्हणते नऊ.

गंमत म्हणजे चाकणच्या कारखान्यांत गिअरचे फोटो काढायला जातो तिथे हा प्रश्न कधी येत नाही. चकाकत्या धातूत आपलंच प्रतिबिंब दिसतं म्हणून चहूबाजूंनी बटरपेपर लावायचा, दिवसभर खपायचं, दोनशे फोटो काढायचे आणि एक द्यायचा. कुणी 'उरलेले?' म्हणत नाही. गिअरला मामा नसतो.

एका नवरीचे मामा मात्र होते, सदाशिव पेठेतले, निवृत्त वकील. त्यांनी मला कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ ऐकवलं: पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा. करार मी केलेलाच नव्हता. मालकी कुणाची आणि फाइल हातात द्यायची की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या वेळी सुचलं नाही. हार्डडिस्क भरून सगळ्या रॉ फाइल दिल्या. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा फोटो, भिजवलेले पोहे म्हणा. प्रत्येक रंगाच्या सोळा हजारांवर छटा तिच्यात असतात (तुमच्या मोबाइलवर येतो त्या जेपेगमध्ये २५६), पण फोडणी व्हायची असते, त्यामुळे दिसायला फिक्या. महिन्याभराने मामांचाच फोन. "आम्ही चारशेपर्यंत पाहिले. भांडणं व्हायला लागली. अल्बमचे तुम्हीच निवडा." आता माझा दोन पानी करार असतो. तो मी त्यांच्याकडूनच तपासून घेतला. कायद्याची एक चूक निघाली, शुद्धलेखनाच्या सात.

इथवर माझंच बरोबर होतं. मग एरंडवण्यातल्या एका लग्नानंतर मुलीच्या वडिलांचा फोन आला. अल्बम आवडला म्हणाले. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंगतीत आमचे धाकटे बंधू बसले होते. त्यांचा एखादा आहे का हो?"

बाद केलेले फोटो मी तीन महिने ठेवतो. शोधला. वडील जिलबीचं ताट घेऊन वाकलेत, पानावर आडवा हात धरून एक गृहस्थ नको नको म्हणतायत, दोघंही हसतायत. डाव्या बाजूला वाढप्याचं कोपर अर्ध्या फोटोभर. आग्रहाचे याहून स्वच्छ अकरा फोटो होते, म्हणून मी हा पहिल्याच फेरीत उडवला होता. दोन सेकंदही पाहिला नसेल. वाडा बिल्डरला द्यायचा की नाही यावरून ते दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला कुठून कळणार? कोपरासकट बारा बाय अठराची प्रिंट हवी म्हणाले. दोन काढा म्हणाले.

तेव्हापासून बुकिंगच्या वेळी मुहूर्त, कार्यालय, माणसं किती हे विचारून झालं की मी आणखी एक विचारतो: घरात कोण कोणाशी बोलत नाही? समोरचे दोघंही एकदम म्हणतात, "छे छे, आमच्याकडे तसलं काही नाही." मी बरं म्हणतो आणि वही मिटत नाही. साधारण रात्री साडेनवाच्या सुमाराला, भांडी आवरून झाल्यावर, मुलीच्या आईचा फोन येतो.