डबा रिकामा द्यायचा न्हाई

शिवाजी पेठेत आमच्या शेजारच्या काकू परवा सकाळी वाटी घेऊन दारात. मागल्या आठवड्यात नेलेली साखर, वर शीग लावून. वाटीसोबत डब्यात चार आंबोळ्या. त्या का, ते विचारायचं नसतं.

लेक तेव्हा जीवशास्त्र घोकत होती. म्युच्युअलिझम : दोन वेगळ्या जातींच्या जीवांचं दोघांच्याही फायद्याचं नातं. "म्हणजे सहजीवनच की," मी म्हणालो. नाही म्हणे. डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये 'सिम्बायोसिस' मांडलं, त्यात परजीवीही धरले होते. त्या हिशेबानं म्हशीला चिकटलेली गोचीडही सहजीवनच करते! दुहेरी फायद्याचा शब्द बेल्जियमच्या व्हान बेनेडेन यांनी १८७५ च्या पुस्तकातच वापरला होता.

त्याचं मूळ बघितलं आणि वाटीच आठवली. लॅटिन 'म्युटुअस' म्हणजे उसना, देवाणघेवाणीतला. रोमन कायद्यात 'म्युटुअम' हा कर्जाचा एक प्रकार : धान्य, तेल, पैसा असं वापरून संपणारं न्यायचं आणि तेच नव्हे, पण तसलंच, तेवढंच परत करायचं. म्हणजे आपलं उसनंच की हे. फक्त रोमनांच्या कायद्यात शीग नव्हती.

पण शेतात हा हिशेब बसत नाही. गावाकडं चुलतभावानं सोयाबीनचं एक रोप मुळासकट उपटून दाखवलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. एक नखानं फोडली, आत गुलाबी. त्या गाठींत जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर पुरवतं, ते हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल असा करून देतात. साखरेला साखर नाहीच. हे उसन्यापेक्षा काकूंच्या डब्याजवळ जाणारं. आंबोळ्या आल्या, भडंग जाणार.

आणि तिथंही फुकट्यांची गय नाही. जी गाठ नायट्रोजन देत नाही, तिचा प्राणवायू रोप कमी करतं. चुलतभावाला हे लगेच पटलं. पैरा म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं केलेलं काम. "पैरा फेडला न्हाई तर आमच्याकडं तरी कोण येतंय भांगलायला?"

आंबोळ्या त्याच दिवशी संपल्या. डबा धुऊन फळीवर ठेवलाय. आई येता-जाता त्याच्याकडं बघते, मग माझ्याकडं. चुरमुरे आणायचे राहिलेत.