मिंदोरोच्या डोंगरशाळेत वह्या-चपला पोहोचवताना : माझा अनुभव

फिलिपिन्समधल्या खेड्यापाड्यांतल्या शाळकरी मुलांना मदत करणाऱ्या एका लहान संस्थेत मी स्वयंसेवक आहे. आमचं काम मिंदोरो बेटावरच्या डोंगराळ भागातल्या प्राथमिक शाळांपुरतं आहे. मनिलात नोकरी करणारी, लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत असलेली किंवा दावावला डॉक्टरकी शिकणारी मराठी मंडळी 'आम्हालाही हातभार लावायचाय, सुरुवात कुठून करायची?' असं विचारतात. त्यांच्यासाठी सगळी प्रक्रिया जशी पार पडते तशी लिहिते आहे.

सुरुवात शाळा निवडण्यापासून. इथल्या शिक्षण खात्याला सगळे 'डेपएड' म्हणतात. डेपएडने २०१९ मध्ये 'लास्ट माइल स्कूल' म्हणजे कोणती शाळा, याचे निकष ठरवले. चारपेक्षा कमी वर्गखोल्या, वीज नाही, शंभरपेक्षा कमी मुलं, पाचांहून कमी शिक्षक, एका खोलीत दोन-तीन इयत्ता, मुख्य गावापासून तासाभराहून जास्त वाट, असे ते निकष आहेत. मिंदोरोतल्या मांग्यान आदिवासींच्या वस्त्यांमधल्या बऱ्याच शाळांना ते लागू पडतात. माझं ठाम मत असं की लहान संस्थेने अशी एकच शाळा घ्यावी आणि तिच्याशी पाच-सहा वर्षं राहावं. दरवर्षी नवी शाळा घेतली की फोटो वेगळे मिळतात, पण कुठल्या मुलाचा पाय किती वाढला आणि कोणत्या महिन्यात कागद संपतो, हे कधीच कळत नाही.

परवानगीचा क्रम पाळावा लागतो. बोलणं मुख्याध्यापकांशी सुरू करायचं, पण पत्र विभागाच्या स्कूल्स डिव्हिजन सुपरिंटेंडेंटच्या नावे द्यायचं आणि प्रत जिल्हा पर्यवेक्षकांना. शाळांना बाहेरून मदत घेता यावी म्हणून १९९८ चा अडॉप्ट-अ-स्कूल कायदा आहे, त्यामुळे वाट ठरलेली आहे. वह्या-पेन्सिलींसारख्या वस्तूंना साधी पोचपावती चालते. सौर दिवा, पाण्याची टाकी, कपाट असं टिकाऊ काही दिलं तर दानपत्र आणि स्वीकारपत्र करून घ्यावं, म्हणजे ती वस्तू शाळेच्या मालमत्तेत चढते आणि मुख्याध्यापकांची बदली झाली तरी शाळेतच राहते. बारांगाय म्हणजे इथलं गावपंचायतीचं एकक. त्याच्या कॅप्टनला आधी भेटायचं आणि मांग्यान वस्ती असेल तर तिथल्या ज्येष्ठांनाही विचारायचं. शाळेची परवानगी आहे म्हणून वस्तीची आहेच असं धरू नये. हे सगळं व्हायला सहा आठवडे तरी लागतात.

स्वयंसेवकांसाठीही नियम आहेत. डेपएडचं बालसंरक्षण धोरण २०१२ पासून लागू आहे. आम्ही प्रत्येकाकडून एनबीआय क्लिअरन्स, म्हणजे इथल्या राष्ट्रीय तपास संस्थेचा गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला मागतो, कुणीही एका मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय चेहरा दिसेल असा फोटो नाही. लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करायची असेल तर समाजकल्याण खात्याचा परवाना लागतो. तो १९७८ च्या अध्यादेशापासून बंधनकारक आहे. त्यामुळे ऑफिसात डबा फिरवण्याआधी संस्थेकडे परवाना आहे का, हे विचारा.

आता खरं काम, म्हणजे यादी. शाळेकडे 'स्कूल फॉर्म १' नावाची नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक मुलाचं नाव, वय आणि बारा आकडी विद्यार्थी क्रमांक असतो. आम्ही ती नेत नाही, कारण ती खासगी माहिती आहे. शिक्षकांकडून इयत्तावार आकडे, मुलगे-मुली आणि पायांची मापं एवढंच घेतो. पटावरची संख्या आणि वाटपाच्या दिवशी येणारी मुलं जुळत नाहीत, हे धरूनच चालायचं. डोंगरावर कायंगिन, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती चालते. पेरणी-कापणीच्या वेळी कुटुंबं लांबच्या शेतावर मुक्कामाला जातात आणि मुलंही जातात. ऐन वेळी शेजारच्या वस्तीतून नवी मुलं दाखल होतात. म्हणून दहा टक्के संच जास्त न्यायचे. शिवाय आईबरोबर येणाऱ्या, अजून शाळेत न जाणाऱ्या भावंडांसाठी खडूरंग आणि कोरे कागद वेगळ्या पिशवीत ठेवायचे. ते नसले की शाळेच्या संचातून एखादी वस्तू काढून द्यावी लागते आणि हिशेब तिथेच बिघडतो.

संचात काय असावं, यात भारतातून आलेला माणूस हमखास वहीवर भर देतो. इथे वहीइतकाच, किंबहुना जास्त, सुटा कागद लागतो. चाचणी, श्रुतलेखन, गणितं सगळं पॅडच्या कागदावर लिहून शिक्षकांकडे द्यायचं असतं. पहिलीपासून चौथीपर्यंत प्रत्येक इयत्तेच्या पॅडची आखणी वेगळी असते. पहिलीच्या ओळी सर्वांत रुंद, पुढे त्या अरुंद होत जातात. पाचवी-सहावीला 'इंटरमीडिएट पॅड' लागतो आणि शिक्षक कागद पूर्ण घ्यायचा, उभा अर्धा, आडवा अर्धा की पाव, ते सांगतात. ज्याच्याकडे पॅड नाही तो शेजाऱ्याकडे मागतो. शेजारी दोन-चार वेळा देतो, मग त्याचाही संपत येतो. कागद नसलेल्या मुलाची चाचणी नोंदली जात नाही, आणि अशी मुलं चाचणीच्या दिवशी घरीच राहू लागतात. एका पॅडच्या कागदाला किंमत काहीच नाही, पण डोंगरावरून खाली येऊन तो आणायचा तर आईचा दिवस मोडतो. रोज दोन पानं धरली तर ८० पानांचा पॅड चाळीस शाळेचे दिवस पुरतो. वर्षाचे साधारण दोनशे दिवस, म्हणजे पाच पॅड. आम्ही सहा धरतो, तीन जूनमध्ये आणि तीन जानेवारीत. सहाही एकदम दिले तर पावसात भिजतात किंवा घरातली मोठी भावंडं वापरतात.

वह्यांची संख्या शिक्षकांनाच विचारा, जुनी यादी वापरू नका. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या 'मातातग' अभ्यासक्रमात पहिलीला पाचच विषय आहेत, जुन्या याद्यांत मात्र सात-आठ वह्या असतात. खालच्या इयत्तांना लाल-निळ्या ओळींची लेखनवही, वर साधी ८० पानी. पेन्सिल क्रमांक दोनची, म्हणजे आपली एचबी, सहा नग. स्वस्त पेन्सिलीचं शिसं आतून तुटलेलं असतं आणि मूल ती छिलत छिलत आठवड्यात संपवतं, म्हणून इथे काटकसर नको. प्रत्येकाला छोटा शार्पनर देण्यापेक्षा वर्गाला टेबलावर बसवायचा एक मजबूत शार्पनर द्यावा.

पादत्राणांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. काळे बूट छान दिसतात, पण सरकारी शाळांत गणवेशाची सक्ती नाही आणि नदी ओलांडताना बूट हातात घ्यावे लागतात. गमबूट सुचवले जातात. ते चिखलात उत्तम, पण पाणी घोट्याच्या वर गेलं की आत भरतं, पाय जड होतो आणि प्रवाहात मूल अडखळतं. साधी चप्पल वाहून जाते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल सगळ्यांत बरी. माप 'वय सात, नंबर अमुक' असं कधीही घेऊ नये, कारण डोंगरातल्या मुलांची अंगकाठी लहान असते आणि अनवाणी चालून पाय पुढे पसरट झालेला असतो. शिक्षकांना कागद पाठवायचे, मूल उभं राहिल्यावर पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ काढायची, कागदावर नाव आणि इयत्ता. टाच ते अंगठा लांबीत दीड सेंटिमीटर मिळवून सँडल घ्यायची. बसलेल्या मुलाचं माप कमी भरतं. दुकानांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे पट्टी घेऊन आतला तळवा मोजायचा. हे मापाचे कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी नुसती तुलना केली तरी कुणाला नवी जोडी हवी ते कळतं.

दप्तराची चेन आणि खांद्याच्या पट्ट्याचा वरचा टाका तपासा. दप्तर तिथेच फाटतं. लहान मुलांना १२ ते १५ लिटरचं पुरतं. जलरोधक असं लिहिलेलं असलं तरी शिवणीतून पाणी येतंच, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालूनच द्यावं.

खरेदी मनिलातल्या दिव्हिसोरिया बाजारात घाऊक होते. एप्रिलमध्ये जा. मे अखेरीला गर्दी होते आणि पहिलीचे पॅड संपतात. २०२५-२६ पासून शाळा पुन्हा जूनमध्ये उघडू लागल्या आहेत, अगदी महाराष्ट्रातल्यासारख्या, त्यामुळे पाऊस आणि शाळा एकदमच येतात. नियमानुसार बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी. बिल नसलेला खर्च अहवालात बसत नाही.

बांधणीचं गणित वजनाचं आहे. पाच-सहा वह्या, पॅड, दप्तर, सँडल मिळून एक संच दोन किलोच्या वर जातो. साठ मुलांचे सव्वाशे-दीडशे किलो होतात. शेवटची वाट पायी असल्याने एका माणसाला बारा किलोपेक्षा जास्त ओझं देऊ नये, म्हणजे अकरा ते तेरा जण लागतात. पालक येतात, पण त्यांना त्या दिवसाची मजुरी किंवा निदान तांदूळ द्यायलाच हवेत. लुझोनवरच्या बाटांगास बंदरातून मिंदोरोतल्या कालापानला मालवाहू बोट दोन-अडीच तासांत जाते. पुढे जीप, मग हाबाल-हाबाल, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. खोक्याऐवजी आतून प्लास्टिक लावलेली पोती वापरावीत, पुठ्ठा पहिल्या सरीत गळतो. पोत्यावर इयत्तेचा रंग लावायचा. चक्रीवादळाचा पहिला इशारा लागला की कोस्ट गार्ड बोटी थांबवतं, म्हणून मध्ये दोन मोकळे दिवस ठेवा.

वाटपासाठी 'ब्रिगादा एस्क्वेला' हा आठवडा सर्वांत योग्य. शाळा उघडण्याआधी पालक-शिक्षक मिळून डागडुजी करतात, तो उपक्रम २००३ पासून चालतो. पालक तिथे असतातच. संच त्यांच्या हाती द्यायचा, पुढे सही किंवा अंगठा. भाषणं नकोत, मुलांना उन्हात रांगेत उभं करू नका. आधी खायला घाला. पन्नास मुलांच्या लुगावला, म्हणजे पातळ भाताला, दोन किलो तांदूळ, अठरा-वीस लिटर पाणी, भरपूर आलं, थोडं चिकन आणि उतरवताना शेवग्याचा पाला. हा पाला इथे मालुंगाय म्हणून कुंपणाकुंपणाला असतो. तो आधी घातला तर कडवट होतो. रिकाम्या पोटी गोळ्या-चॉकलेटं वाटणं मला अजिबात पटत नाही.

पुस्तकं न्यायची तर फिलिपिनो-इंग्रजी द्वैभाषिक चित्रपुस्तकं न्या. ऑक्टोबर २०२४ च्या कायद्याने खालच्या इयत्तांत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती गेली, त्यामुळे मांग्यान मुलांना पहिलीपासून दोन परक्या भाषा पेलाव्या लागतात. यांच्यातल्या हनुनुओ आणि बुहिद गटांकडे स्वतःची लिपी आहे, आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीच्या कुळातली. युनेस्कोने तिची १९९९ मध्ये दखल घेतली. वस्तीतल्या जाणत्यांना वर्गात बोलावून ती शिकवायची इच्छा शिक्षकांनी दाखवली तर त्यांच्या मानधनाचे पैसे संस्थेने जरूर द्यावेत.

परदेशातून वापरलेले कपडे पाठवू नका. १९६६ च्या कायद्याने जुन्या कपड्यांच्या आयातीवर बंदी आहे आणि खोकं कस्टममध्ये अडकतं. भारतातून पैसे पाठवायचे तर व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून बँकेत ए-२ अर्ज भरून देणगी म्हणून पाठवता येतात, मात्र ८०जी ची करसवलत मिळत नाही. ८ जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय येता येतं, पण ती सोय पर्यटनाची आहे. स्वयंसेवक म्हणून यायचं तर परदेशी स्वयंसेवकांचं काम पाहणाऱ्या पीएनव्हीएससीए या सरकारी संस्थेमार्फत कागद करायला आपल्या संस्थेला सांगा.

जूनच्या वाटपानंतर हिशेब महिन्याभरात द्यायचा, बिलं आणि सह्यांच्या याद्या जोडून. मग डिसेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांना एकच संदेश पाठवायचा: कोणत्या इयत्तेचे किती पॅड उरले, कुणाची सँडल तुटली, कोण शाळेत येत नाही. जानेवारीची खरेदी त्या उत्तरावरून ठरते. त्या फेरीत वाटपाचा कार्यक्रम नसतो, दोन माणसं पुरतात, आणि पॅड मुलांच्या घरी न देता शिक्षकांच्या कपाटात इयत्तेप्रमाणे लावून यायचे.