चोरीच्या जोड्या, वही दुसरी: ओशन्स इलेव्हनसमोर ट्वेल्व्ह टिकतो का

काम पुढे सरकलंय. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. मी चोरी-लबाडीच्या कॉमेडी पिक्चरच्या जोड्या बघतोय. शनिवारी रात्री मूळ पिक्चर, रविवारी त्याचा पार्ट टू, भुसावळला आमच्या गच्चीवर सगळ्यांसोबत, आणि मग आठवड्यात दोन्ही परत एकदा एकट्याने लॅपटॉपवर, मांडीवर वही घेऊन. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय मत लिहायचं नाही हा नियम, तो मी या वेळी मोडणार होतो पण मोडला नाही, त्याचं पुढे येईलच.

आधी गच्चीची हालहवाल. मे महिना आणि भुसावळ, जास्त काही सांगायची गरज नाही. साडेआठच्या आत स्लॅबवर पाय टेकवत नाही. सहाला चार बादल्या पाणी मारायचं ते चर्र करून उडून जातं, सातला परत चार. चादर दोन बाजा उभ्या करून त्यांना बांधलीय. प्रोजेक्टरच्या खोक्यावर लुमेनचा आकडा असा छापलाय की लग्नाच्या मंडपात लावावा, आणि प्रत्यक्षात शेजाऱ्यांनी बाथरूमचा लाइट लावला की आमच्या चादरीवरचा कॅसिनो गायब. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो सर अंधार कमी पडतोय. बरं.

वहीत आता दोन रकाने आहेत. पहिला 'खूण', म्हणजे शेवटी जी गंमत उघड होते तिची खूण पिक्चरने आधी कुठे दाखवली होती का. हा माझा. दुसरा रकाना अमळनेरच्या मावशीचा, तिला माहीतही नाही की तो तिचा आहे. हेरा फेरी संपला, तिघं मालामाल झाले, नि मी म्हणलं मावशी उद्या याचाच दुसरा भाग, तर ती सुपारी कातरता कातरता म्हणते, "मंग आते ह्या परत गरीब कसा व्हतीन?"

मी वही उघडून तेच लिहिलं. कारण अख्ख्या सिक्वेलचा प्रॉब्लेम तोच आहे ना भो. चोरीचा पिक्चर संपतो तो खिसा भरून. पार्ट टू चालू करायचा तर आधी खिसा रिकामा करावा लागतो, भरल्या खिशाचा माणूस रात्री उठून भिंत कशाला फोडेल. त्या रकान्याचं नाव 'खिसा'.

हेरा फेरी 2000 चा, प्रियदर्शनचा, मुळात मल्याळम रामजी राव स्पीकिंगवरून घेतलेला. फिर हेरा फेरी 2006 चा, तो नीरज व्होरांनी केला. (ही चोरी नाही, खंडणीची गडबड आहे, हे मला माहितीये, पण गच्चीवरच्या पब्लिकने हट्ट धरला.) तिथे खिसा कसा रिकामा होतो, तर 21 दिवसांत पैसे दुप्पट. आमच्या गच्चीवर या जागी कोणी हसलं नाही. पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीची पावती अजून कपाटात जपून ठेवलेला एकतरी माणूस आमच्याकडे प्रत्येक घरात आहे, त्यामुळे ती स्कीम सगळ्यांना पटली, एकदम खरी वाटली. खिसा: दहापैकी दहा. बाकी पिक्चरवर भांडण. भाच्याला दुसऱ्याचे डायलॉग तोंडपाठ, अण्णा म्हणतात पहिल्यात पोटात खड्डा पडायचा, दुसऱ्यात नुसती आरडाओरड. मी अण्णांच्या बाजूने. बंटी और बबली आणि त्याचा 2021 चा दुसरा भाग, याच्यावर लिहायला वहीत दीड ओळ आहे, दुसऱ्याच्या इंटरव्हलला मी एकटाच जागा होतो.

आता मुख्य जोडी. ओशन्स इलेव्हन, 2001. ओशन्स ट्वेल्व्ह, 2004. दोन्ही स्टीव्हन सोडरबर्गचे, आणि कॅमेराही त्यानेच धरलाय, पीटर अँड्र्यूज नावाने, त्यामुळे दोन्हीतला फरक दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. आणि ज्याला आपण मूळ म्हणतोय तोच मुळात 1960 च्या पिक्चरचा रिमेक. फ्रँक सिनात्रावाला. तो सगळा नाही बघितला तरी शेवट बघा, चोरलेला पैसा मेलेल्या दोस्ताच्या शवपेटीत लपवतात आणि त्याची बायको दफन न करता दहन करते. संपलं. खिसा जागीच रिकामा, पार्ट टूची भानगडच नाही.

इलेव्हन शनिवारी लावला. इंग्रजी, खाली इंग्रजीच सबटायटल, त्यामुळे भाचा लाइव्ह कॉमेंट्री करत होता आणि निम्मं स्वतःच्या मनाचं सांगत होता. तरी सगळ्यांना सगळं समजलं. लास वेगासचे तीन कॅसिनो, बेलाजिओ, मिराज, एमजीएम ग्रँड, तिघांची एकच तिजोरी, मालक टेरी बेनेडिक्ट, रक्कम 16 कोटी डॉलर. अख्ख्या शहराची लाइट घालवायला ही मंडळी एक अगडबंब यंत्र चोरून आणतात, तर आमचे टीसी साहेब (दोस्त आहे, रेल्वेत) म्हणाले, एवढा खर्च कशाला, आपल्याकडे चोरी ठेवायची, भारनियमनाचं टाइमटेबल बघून.

दुसऱ्यांदा बघताना खुणांचा रकाना भरून गेला. तिजोरीची हुबेहूब नक्कल बांधतात ना, ती पिक्चर आपल्याला अगोदरच दाखवतो, लपवत नाही, फक्त आपण समजतो की सरावासाठी आहे. मग शेवटी बेनेडिक्टला कळतं कसं, तर जमिनीवरून. टीव्हीवर जी चोरी त्याने लाइव्ह बघितली तिच्यात तिजोरीच्या फरशीवर बेलाजिओचं नाव नाही, आणि ते नाव तर त्याने मंगळवारीच बसवून घेतलंय. म्हणजे चोरांनी नक्कल केली ती मंगळवारच्या आधीची. मी हा तुकडा चार वेळा मागे घेतला. बेनेडिक्टचं तोंड बघा तिथे, शंभर माणसं पहाऱ्यावर ठेवणारा माणूस एका फरशीपाशी येऊन थांबतो.

आणि टोळीतला पोरगा लायनस, म्हणजे मॅट डेमन. म्होरक्या डॅनी ओशन आणि त्याचा उजवा हात रस्टी, यांचं मध्येच फाटतं, डॅनीला प्लॅनमधून काढतात, त्याच्या जागी लायनसला घेतात, ते सगळं नाटक असतं आणि लायनसला कोणी सांगितलेलं नसतं. मी वहीत लिहिलंय, आपण म्हणजे लायनस. पिक्चर आपल्याला फसवतो, पण आपल्यासोबत पडद्यावरचा एक पोरगाही फसलेला असतो, म्हणून राग येत नाही, दोघं मिळून डोकं खाजवतो. शेवटी कारंज्यासमोर सगळे रांगेत उभे राहतात आणि काही न बोलता एकेक करून निघून जातात तेव्हा गच्चीवर कोणी मोबाइल काढला नव्हता. हा माझा खरा रकाना, 'सोबत', पण तो वहीत आखता येत नाही.

रविवारी ट्वेल्व्ह. खिशाचा हिशोब एकदम सरळ, बेनेडिक्ट एकेकाच्या दारात जाऊन उभा राहतो, दोन आठवडे देतो, माझे 16 कोटी परत, वर व्याज. मावशी खुश. "हाई बराबर शे," म्हणे, ज्याचे घेतले तो येणारच.

पण पुढे लोक चुळबुळ करायला लागले. वेगास सोडून अ‍ॅमस्टरडॅम, रोम, इटलीतलं ते तळं. कॅमेरा हातात धरून हललेला, फोटो मध्येच गोठवलेला, एकदम सत्तरच्या दशकातल्या युरोपियन पिक्चरसारखा, मला आवडतं, पण अण्णांनी दोनदा विचारलं प्रोजेक्टर हलतोय का. कालव्याकाठचं घर खालच्या खांबांवरून थोडं वर उचलतात, का तर समोरून नेम बरोबर लागावा म्हणून, आणि एवढं करून आत गेले तर माल आधीच दुसऱ्याने नेलेला. दुसरा म्हणजे नाइट फॉक्स, तुलूर, फ्रेंच चोर. आता पैज लागते, म्युझियममधलं फाबर्जेचं रत्नजडित अंडं कोण आधी उचलतो. एक गोष्ट मला नंतर कळली म्हणून आता लिहितो, ट्वेल्व्हची स्क्रिप्ट मुळात या टोळीसाठी लिहिलेलीच नव्हती. जॉर्ज नोल्फीची वेगळी गोष्ट होती, नंतर तिच्यात ही मंडळी बसवली. ते जाणवतं. चुलतभावाचा सूट घालून लग्नाला गेल्यासारखं, खांद्यात बसतो, बाह्या लांब.

तुलूर लेझरच्या जाळ्यातून नाचत नाचत जातो त्या सीनला वारा सुटला. वळवाचा. आधी धूळ, मग चादर फुगली आणि तुलूर आठ फुटाचा झाला, आणि कोणीतरी ओरडलं बिबडे! गच्चीच्या अर्ध्या भागात दिवसभर वाळलेले बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, तसेच होते, खाटेवर, धोतरावर पसरलेले. पुढच्या दोन मिनिटांत जे झालं ते मी या छंदात बघितलेलं सगळ्यात भारी टीमवर्क आहे. मावशी मधोमध उभी राहून हात करत होती, भाचा धोतराची दोन टोकं, टीसी साहेब दोन टोकं, वहिनी डबे, अण्णांनी प्रोजेक्टर बनियनमध्ये गुंडाळला. एक बिबडा नाही तुटला. चादर मात्र उभी फाटली. रात्रभर सगळ्यांच्या तोंडी एकच, रावेरकडे केळी राहिली का आडवी झाली.

राहिलेला ट्वेल्व्ह सोमवारी खाली हॉलमध्ये पूर्ण केला, कूलरच्या आवाजात. आणि इथेच घोळ. शेवटी कळतं की अंडं यांनी केव्हाच उचललेलं, म्युझियममध्ये पोचायच्या आधी, रेल्वेगाडीतच, बॅग बदलून. तुलूर वेड्यासारखा लेझरमधून नाचला तो नकली अंड्यासाठी. टीसी साहेब तर उठून उभेच राहिले. गाडीत बॅग बदलायला दहा-बारा माणसं! आपल्याकडे एकटा माणूस करतो म्हणे, नि तुम्हाला कळतं थेट भुसावळ गेल्यावर. मावशी एवढंच म्हणाली, "आमले तं दखाडंच नही."

तेच. दाखवलंच नाही. मी सोमवारी रात्रीच वहीत 'नापास' लिहून टाकणार होतो. नियम आठवला, थांबलो.

गुरुवारी परत बघितला, खुणा शोधत. गाडीची एक खूण मला सापडली नाही जिच्यावर बोट ठेवता येईल. वरून त्रास हा की अंडं आधीच खिशात असेल तर मधली ती घाबरगुंडी कोणासाठी? तुलूरसमोर नाटक करावं ठीक आहे, पण बंद खोलीत, तुलूर नसताना, ही माणसं घामाघूम होतात ती फक्त आपल्यासाठी. इलेव्हनमध्ये आपल्यासोबत लायनस फसला होता. इथे सोबत कोणी नाही, आपण एकटेच उल्लू.

पण. चोरी सोडून नुसती कॉमेडी म्हणून बघितला तर दोन जागा अशा आहेत की इलेव्हनमध्ये तशी एकही नाही, हे मला कबूल करावं लागतंय. एक, मात्सुईची, म्हणजे यांना चोरीचं काम देणाऱ्या माणसाची बैठक. डॅनी, रस्टी आणि तो मात्सुई समोरासमोर बसून काहीतरी अगम्य बोलतात, प्रत्येक वाक्य कोड्यासारखं, आणि लायनसकडे नजर वळते तेव्हा त्याला काहीच सुचत नाही, तो लेड झेपलिनच्या काश्मीर गाण्याच्या ओळी म्हणून टाकतो. पोरांना यात काय हसायचं ते कळेना. अण्णा मात्र डोळे पुसत हसत होते. म्हणाले, हा नवा जावई आहे, सोयरिकीच्या बैठकीत बसलेला. मोठी माणसं 'बघू', 'तुमच्या मनासारखं', 'घर आपलंच आहे' करत असतात, त्यात हुंड्यापासून मंडपापर्यंत सगळं ठरतं, आणि मध्येच कोणी विचारलं तुमचं काय म्हणणं, तर हा सांगतो यंदा पाऊस बरा आहे. मी तो सीन परत बघितला तर अण्णांचंच बरोबर होतं.

दुसरी जागा ज्युलिया रॉबर्ट्स. ती डॅनीची बायको टेस झालीय, आणि टेसला ज्युलिया रॉबर्ट्सचं सोंग घ्यायला लावतात, आणि तेवढ्यात खरा ब्रूस विलिस समोर येतो. हा सीन आला की सगळे शिव्या घालतात, मीही घातल्या होत्या, पण गुरुवारी मला इलेव्हनच्या श्रेयनामावलीतली एक ओळ आठवली. एवढी मोठी स्टार, ऑस्कर घेऊन आलेली, आणि तिच्या नावापुढे लिहिलंय 'इन्ट्रोड्यूसिंग'. नवीन चेहरा म्हणे! म्हणजे या गमतीचं बी पहिल्यातच पेरलं होतं. खुणांच्या रकान्यात ट्वेल्व्हला मिळालेली ही एकुलती एक खूण, आणि तीसुद्धा इलेव्हनमध्ये सापडली.

तर वहीत शेवटी काय लिहिलं. चोरी: नापास, ग्रेस मार्क नाही. खिसा: नऊ. सोबत: इलेव्हनपेक्षा कणभर जास्त, पेनाने लिहिलंय, खोडणार नाही. ज्यांना दोन्हीचं एकच टोटल हवंय त्यांनी टीसी साहेबांना विचारा, ते शून्य देतात आणि पावतीही फाडतात.

थर्टीन, 2007 चा, जोडीच्या नियमात बसत नाही म्हणून एकट्याने बघितला. परत वेगास, परत नीट आखणी, खिसा या वेळी टोळीतल्या म्हाताऱ्या रूबेनचा रिकामा होतो, भागीदाराने फसवून. सुबक आहे. त्यातलं आज मला यंत्राचा भूकंप सोडून फार आठवत नाही, बैठकीचा सीन मात्र रोज आठवतो.

पुढची जोडी ठरलीय. इटलीचा 1958 चा, मारियो मोनिचेल्लीचा, ज्यात चोरमंडळी रात्रभर खपून भिंत फोडतात, ती निघते चुकीची भिंत, पलीकडे स्वयंपाकघर, मग काय, बसून पास्ता नि हरभरे खातात. त्याचा दुसरा भाग नान्नी लॉयने केला, फुटबॉल लॉटरीच्या पैशावर डल्ला. मावशीला भिंतीचं सांगितलं तर तिला भिंतीचं काही नाही, हरभरे शिजवलेले होते का भिजवलेले तेवढं बघून सांग म्हणाली. चादर शिवायला टाकलीय, शिंपी म्हणतो शुक्रवार.