तुम्ही विचारलंत म्हणून: रेफरी तुझा पावणा लागतो काय?

फुटबॉलची मॅच संपते, मी कॉमेंट्रीचा माइक साउंडवाल्या पोराच्या हातात देऊन टेबलावरचे कागद गोळा करत असतो आणि तेवढ्यात कोणतरी येतोच, बहुतेक हरलेल्या टीमचा, घामाघूम, एक मोजा खाली आलेला, आणि म्हणतो, "काय मामा, रेफरी तुझा पावणा लागतो काय? अख्खं ग्राउंड हँड हँड म्हणून वरडालंय आणि तू माइकवर त्याचीच बाजू घेऊन बसलास!" दर सीझनला चार-पाच वेळा तरी हे ऐकतो. परवा तर दुकानात वायर घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं हेच विचारलं, एकदम अहो-जाहो करत, की तुम्ही कॉमेंट्रीत नेहमी रेफरीला सांभाळून का घेता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, असं म्हणून मी सुरुवात पण केली होती, पण मागं तिघं उभे, एकाला एमसीबी पाहिजे, एकाला पंख्याचा कपॅसिटर, राहूनच गेलं. म्हणून आता लिहून टाकतो.

तर पावणा लागत नाही. पैसे पण मिळत नाहीत, दोन चहा, एक वडापाव आणि फायनलला नारळ-शाल, एवढाच माझा हिशोब. बेळगावच्या शहापुरात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे ते आठवडाभर बघायचं आणि रविवारी माइक धरायचा. बोलतो मराठीत, गोकाक-सौंदत्तीकडची पोरं आली की मधे कन्नड, कॅम्पातल्या पोरांसाठी हिंदी, चोर्ला घाट चढून गोव्याची टीम आली तर कोकणीची दोन वाक्यं पाठ करून ठेवलीत ती. रेफरीला शिव्या मात्र कन्नडमध्येच पडतात. आमची अनगोळ-वडगावची पोरं घरी एक अक्षर कन्नड बोलत नाहीत पण लाइनवर उभी राहिली की "कण्णिल्लेनो!", म्हणजे डोळे नाहीत काय रे, त्यात जोर जास्त येतो म्हणे.

माझी कॉमेंट्री खरं तर कुस्तीतनं आलीय. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघितल्या, आणि नंतर शंकर पुजारींचं निवेदन ऐकलं की कळायचं, हा माणूस नुसता ओरडत नाही, डावाचं नाव सांगतो. ढाक लावली, घिस्सा मारला, एकचाक टाकलं. शेवटच्या ओळीतल्या शेतकऱ्यालाही कळायचं काय झालं ते. फुटबॉलला आमच्याकडं असं कोण करतच नव्हतं. "आणि बॉल पुढं गेलेला आहे, आणि बॉल मागं आलेला आहे", अरे ते दिसालंय की आम्हाला. शिट्टी कशाला मारली ते सांग ना. म्हणून मी ठरवलं, शिट्टी वाजली की आधी नियम सांगायचा, मग बाकीचं. बॉल हाताला लागला म्हणजे दर वेळी हँड नसतो, मुद्दाम लावला असला किंवा हात असा पसरून ठेवला असला की शरीर उगीच मोठं झालं, तर फाऊल, आणि स्वतःच्या हाताला लागून सरळ गोलमध्ये गेला तर चुकून लागला तरी गोल नाही. हे मी माइकवर निदान शंभर वेळा सांगितलंय. लोकांना ते रेफरीची वकिली वाटते, त्याला माझा इलाज नाही.

पण रेफरी चुकतोच, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि त्यात दोन जाती आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक चूक डोळ्यांची. एक चूक नियमाची.

डोळ्यांची म्हणजे कुठली, ते ११ जून २०२४ च्या रात्री सगळ्यांनी बघितलंय. दोहाला भारत-कतार, वर्ल्डकप क्वालिफायर, दुसऱ्या फेरीची शेवटची मॅच. पाच दिवस आधी कोलकात्यात कुवेतबरोबर ०-० झालं होतं, आपला कप्तान सुनील छेत्रीची तेव्हा शेवटची म्हणून जाहीर झालेली मॅच ती (२०२५ ला तो परत आला ते वेगळं), त्यामुळं जीव आधीच अर्धा झालेला. आमच्याकडं पाऊस, लाइट गेलेली, मी आणि शेजारचा दुकानदार इन्व्हर्टरवर मोबाइल लावून बसलेलो. ३७ व्या मिनिटाला आपल्या छांगतेनं गोल मारला. कतारचं पुढं जायचं आधीच पक्कं झालेलं, त्यांनी नवी पोरं उतरवली होती, आणि आपण जिंकलो तर तिसऱ्या फेरीत, जिथं आपण कधीच गेलो नव्हतो. आणि मग ७३ वं मिनिट. आपला गोलकीपर गुरप्रीतनं बॉल अडवला, तो त्याच्या जवळून सरकत पोस्टच्या बाजूनं लाइनच्या बाहेर गेला, आपली पोरं थांबली, कॉर्नर होणार म्हणून, आणि कतारच्या एकानं बॉल पायानं मागं ओढला आणि यूसुफ ऐमननं आत ढकलला. गोल दिला. कोरियाचे रेफरी, त्यांनी लायनमनला विचारलं, पण गोल कायम. ८५ व्या मिनिटाला दुसरा पण बसला, २-१, खेळ खल्लास.

दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला विचारत होता, जणू शिट्टी मीच मारली होती. फेडरेशननं तक्रार केली, चौकशी मागितली, पण निकाल बदलला नाही. आणि इथं लोक चिडतात माझ्यावर, कारण मी म्हणतो, नाही बदलणार. नियम सरळ आहे, बॉल अख्खाच्या अख्खा लाइनच्या पलीकडं गेला तरच बाहेर, जमिनीवरनं असो का हवेतनं, पण गेला की नाही गेला हे ठरवणार रेफरी, आणि खेळात काय घडलं याबद्दल त्याचा निर्णय शेवटचा. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हता. लायनमन डिफेन्सच्या रेषेत धावत आलेला, मधे चार-सहा पाय, आणि बॉल आपल्या टीव्हीला दिसला तसा त्याला दिसलाच नसेल. मला त्या रात्री झोप आली नाही हे पण खरं, उगीच साधुसंत होत नाही. पण डोळ्यांच्या चुकीला रिप्ले मॅच नसते. आयर्लंडला विचारा, २००९ च्या नोव्हेंबरात पॅरिसला प्लेऑफ, थिएरी हेन्रीनं हातानं बॉल अडवून पास दिला, गालासनं गोल मारला, सगळ्या जगानं बघितलं, हेन्री नंतर स्वतः म्हणाला परत खेळवणं न्याय्य होईल, फिफानं नाही म्हणजे नाहीच खेळवली.

आता दुसरी जात. ही गोष्ट मी कुणालाही सांगायला एका पायावर तयार असतो.

सप्टेंबर २००५, ताश्कंद, उझबेकिस्तान आणि बहरीन, २००६ च्या वर्ल्डकपसाठी आशियाचा प्लेऑफ, दोन मॅचमधली पहिली. उझबेकिस्तान १-० पुढं, त्यांना पेनल्टी मिळाली, जेपारोव्हनं मारली, गोल. पण मारायच्या आधीच त्यांचाच एक प्लेयर बॉक्समध्ये घुसला होता. तेव्हाचा नियम काय सांगायचा? मारणाऱ्याच्या टीमचा माणूस आत घुसला आणि गोल झाला तर पेनल्टी परत मारायची. रेफरी योशिदा, जपानचे, त्यांनी काय केलं तर गोल रद्द करून बहरीनला इनडायरेक्ट फ्रीकिक दिली. दिसायला त्यांना बरोबर दिसलं होतं बघा! माणूस घुसला, दिसला, शिट्टी मारली, सगळं बरोबर, फक्त पुढं काय द्यायचं ते चुकलं. मॅच १-० नं संपली, उझबेकिस्तान जिंकला. पण त्यांनी तक्रार केली, आम्हाला ३-० द्या म्हणून. फिफानं मान्य केलं की रेफरीनं नियमच चुकीचा लावला, आणि निकाल दिला, अख्खी मॅच रद्द, परत खेळा. ऑक्टोबरमध्ये परत खेळले, १-१. मग बहरीनमध्ये ०-०. बाहेरच्या गोलवर, म्हणजे दुसऱ्याच्या ग्राउंडवर मारलेला गोल भारी धरून, बहरीन पुढं गेलं. जिंकलेली मॅच घेऊन गेले होते भांडायला, तेलही गेलं तूपही गेलं. बहरीनला पण काय लाभलं नाही म्हणा, पुढं त्रिनिदादनं त्यांना काढलं.

हे मी सांगितलं की पोरं म्हणतात, मामा तू उझबेकिस्तानचं कशाला धरून बसलायस. कारण आहे.

१९९८ च्या पावसाळ्यात मी लायनमन होतो. लायनमन म्हणजे काय, क्लबच्या कुणीतरी हातात फ्लॅग दिला, तो पण काठीला बांधलेलं लाल फडकं, आणि ज्याला ऑफसाइड, म्हणजे समोरच्या डिफेन्सच्या मागं आधीच जाऊन उभ्या प्लेयरला पास देणं, कळतो असं सगळ्यांना वाटतं तो उभा राहिला. गल्लीच्या दोन टीमची सेमीफायनल. चिखल एवढा की बॉल मारला की जागेवरच बसायचा. सगळी मॅच माझ्या मागं उभी असलेली पन्नास-साठ माणसं मला शिव्या घालत होती, माझी आई-बहीण सगळी झाली, आणि मी ऑफसाइड बरोबर देत होतो, आजही छातीवर हात ठेवून सांगतो. सेकंड हाफमध्ये माझ्या समोरच निळ्या टीमनं लांब थ्रो-इन टाकला, त्यांचा डावखुरा पोरगा, सतरा-अठराचा असेल, डिफेन्सच्या मागं एकटाच, छातीवर घेतला, डाव्या पायानं कोपऱ्यात. सुंदर गोल. आणि माझा फ्लॅग वर.

एकटा होता म्हणजे ऑफसाइड, हात आपोआप गेला. रेफरीनं शिट्टी मारली, गोल रद्द. थ्रो-इनवर सरळ ऑफसाइड नसतो, १९२० सालापासून नाही, गोलकिकवर नाही, कॉर्नरवर नाही. मला माहीत होतं की नव्हतं हे पण मला आता सांगता येत नाही. ऐकलं असणार कुठंतरी. रेफरीला पण त्या क्षणी सुचलं नाही.

आणि मागं सगळं शांत. तुम्हाला खरं वाटणार नाही, त्या पन्नास-साठ माणसांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. पोरगा एकटा होता, फ्लॅग वर गेला, म्हणजे ऑफसाइड, त्यांना पण पटलं. तासभर बरोबर निर्णयांवर शिव्या खाल्ल्या आणि जो एक निर्णय पक्का चुकीचा तो सगळ्यांनी गुपचूप मान्य केला. पोरानं पण डोकं खाली घातलं आणि मागं पळत गेला. मॅच ०-० सुटली, पेनल्टीवर निळी टीम हरली.

फडकं सोडून काठीला गुंडाळत होतो तेव्हा एका शाळेतले पीटीचे सर आले, वयस्कर, छत्री काखेत. हळूच म्हणाले, "थ्रो-इनवर ऑफसाइड असतो काय हो?" उत्तराची वाट पण बघितली नाही, गेले. मी सायकल घेऊन रेल्वे गेटपर्यंत आलो आणि तिथं गेट पडलेलं, मालगाडी जाईपर्यंत उभा होतो भिजत, तेवढ्यात सगळं डोक्यात नीट बसलं. कुणाला सांगितलं नाही. त्या टीमनं तक्रार केली असती तर मॅच परत खेळवावी लागली असती, निदान मी कमिटीसमोर तसंच बोललो असतो. पण त्यांनी केलीच नाही, कारण त्यांना माहीतच नव्हतं. उझबेकिस्तानवाल्यांना निदान माहीत तरी होतं.

त्यानंतर फ्लॅग कधी धरला नाही. दोन-तीन वर्षांनी माइक धरला. आता थ्रो-इन झाला आणि पोरगं एकटं सुटलं की ग्राउंडवरनं "ऑफसाइड, ऑफसाइड" सुरू होतं आणि मी रेफरीच्याही आधी बोलतो, थ्रो-इन आहे मंडळी, थ्रो-इनवर ऑफसाइड नाही, खेळ चालू. मग कोणतरी खालनं ओरडतो, किती घेतलास रे मामा!

तो डावखुरा आता पुण्यात कंपनीत आहे, टक्कल पडलंय, गणपतीला गावी येतो. गेल्या का त्याच्या आदल्या वर्षी आरतीनंतर मांडवाबाहेर भेटला आणि मला काय झालं माहीत नाही, सांगून टाकलं सगळं. की बाबा, तो तुझा गोल बरोबर होता, मी खाल्ला.

तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "कुठला गोल? मला नाही आठवत मामा." मी चिखल सांगितला, छातीवर घेतलेला बॉल सांगितला, काही उपयोग नाही. मग त्याचा चेहराच बदलला. "थांब थांब, तीच मॅच काय, त्यात तू आमचा एक कॉर्नर दिला नव्हतास! डिफेंडरला लागून बॉल बाहेर गेलेला आणि तू गोलकिक दाखवलास. तो मी अजून विसरलो नाही बघ."

तो कॉर्नर नव्हता. बॉल त्याच्याच शिनगार्डला लागून बाहेर गेला होता, प्लास्टिकचा आवाज मी ऐकला होता.