माझ्याच अंगठ्याची खूण

मिरगाचा पाऊस लागून राहिला होता. सकाळी सातला देवबागहून काकींचा फोन आला. "अरे झिला, रात्री कट करून आवाज इलो. माका वाटला नारळ पडलो. आता बघतंय तर काचेच्या टाकयेतली वरची पट्टी सुटली हा. काच फुटतली काय रे?"

"काकी, पयला पाणी काढूक घ्या. निम्म्याच्या खाली जावंदे. मी येतंय."

कुडाळात माझं काच आणि अॅल्युमिनिअमच्या कामाचं दुकान आहे. काकींची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, दहा मिलिमीटर काचेची. आत कर्लीच्या खाडीचं मचूळ पाणी आणि तळहाताएवढी नऊ कालुंदरं. घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना खाडीतला मासा जिवंत बघायला मिळावा, म्हणून काकींनी ती जिवापाड सांभाळलेली.

पाणी काढा म्हणालो त्याला कारण आहे. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. टाकी एक फूट रुंद असो की दहा, समोरच्या काचेला फरक पडत नाही. पंचावन्न सेंटिमीटर पाणी असलं की सहा फुटी काचेवर सुमारे पावणेतीनशे किलोचा जोर येतो. पाणी निम्मं केलं तर हा जोर निम्मा नाही, चौथाईवर येतो. वरची काठ मोकळी असते, म्हणून काच तिथे बाहेर फुगते. पुढची आणि मागची काच एकमेकींना धरून ठेवायला मध्ये आडवी पट्टी लागते. लोकांना ती दिव्याची फळी वाटते.

भाच्याला घेऊन नेरूरपारच्या पुलावरून निघालो. पोचलो तर लाईट गेलेली आणि काकी तांब्यातांब्यानं पाणी उपसत होत्या. चार बोटंच उतरलं होतं. समोरच्या काचेच्या दोन टोकांवर सारख्या जाडीचे ठोकळे धरून दोरा ताणला आणि मध्ये मोजलं. काच चार मिलिमीटर बाहेर आली होती. पोटात गोळा आला. नळी लावून पाणी अंगणात सोडलं, निम्म्याखाली गेल्यावर मासे जाळ्यानं उचलून पाचशे लिटरच्या काळ्या टाकीत ठेवले. वर जाळं बांधलं, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला.

मग सुटलेली पट्टी हातात घेतली. पुढच्या टोकाचं सिलिकॉन, म्हणजे काच चिकटवायचा रबरासारखा गोंद, केळीच्या सोपासारखं सलग सुटून आलं होतं, खालून अगदी गुळगुळीत. त्यावर अंगठ्यानं दाबून ओढल्याची खूण होती. खूण माझी.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी हीच पट्टी त्या टोकाला सैल झाली होती. तेव्हा दुकानात कामाची रीघ होती. मी जुनं सिलिकॉन न काढता त्याच्यावरच नवं भरलं आणि अर्ध्या तासात निघालो. सुकलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आता काकींना तिथेच हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे आता नीट कर. माझी मासळी वाचली, तां बरां झाला."

पुढचा सगळा दिवस खरवडण्यात गेला. ब्लेड बोथट झालं की बदलायचं. काचेवर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतो. देवबागात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. काच पुसून वळलो की पुन्हा खारा ओलसरपणा बसायचा. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावरच सुकतं, त्याला दमट हवा चालते. पण काचेवर ओल असेल तर ते धरत नाही. म्हणून दारं लावून घेतली आणि एकेका हाताएवढाच भाग अॅसिटोननं पुसून लगेच चिकटवत गेलो. भाचा मागे कोरडं फडकं घेऊन उभा होता. त्याला मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा दाखवत होतो : नख फिरवून बघ, मग सिलिकॉनची नळी उघड.

या वेळी एकाच पट्टीवर भिस्त ठेवली नाही. पुढच्या आणि मागच्या काचेला आतून, काठाखाली, चार इंच रुंदीच्या लांब पट्ट्या लावल्या. त्यांच्यावर दोन आडव्या पट्ट्या, आठ इंच रुंद. काच साधीच, कडा घासून घेतलेल्या. सिलिकॉन माशांच्या टाकीचं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, ते माशांना घातक. लांब पट्ट्यांना खालून लाकडाचे टेकू दिले आणि खोली आंबूस वासानं भरली.

सात दिवस टाकीला हात लावू दिला नाही. काकी रोज फोन करायच्या, मासे ठीक असल्याचं सांगायच्या, मी वास गेला का विचारायचो. तो गेल्यावरच गेलो.

पाव टाकी भरली, थांबलो. निम्मी भरली, जेवलो. मग कागद घेऊन सगळ्या सांध्यांवरून फिरवला, कुठेही ओल नाही. पूर्ण भरल्यावर दोरा ताणला : जेमतेम एक मिलिमीटर. तरी तिन्हीसांजेपर्यंत बसून राहिलो. दिवे लागले तेव्हा काकींनी जाळ्यानं पहिला मासा सोडला. तो सरळ मागच्या दगडाआड गेला. मी परत दोरा धरला. एकच.