सोलापूरकरांनी कुठली परदेशी भाषा शिकावी?

टॉवेलचे शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग बेल्जियम, इटली, जर्मनी, जपान, चीन अशा कुठूनही येतात. माग बसला की पॅनेलवर इंग्रजी, मॅन्युअल इंग्रजी, आणि बिघाड झाला की फिटर एरर कोड बघून कंपनीच्या माणसाला हिंदीत फोन लावतो. यंत्र कुठल्या देशाचं आहे याने कुणाचं काही अडत नाही. तरीही करिअर मेळाव्यांत ‘जपान मोठा निर्यातदार आहे, जपानी शिका’, ‘सगळा माल चीनचा आहे, चिनी शिका’ असा सल्ला सर्रास ऐकू येतो. माझ्या मते तो अर्धवट आहे. माल कुणाचा येतो हे बघू नका, माणूस कुणाला हवा आहे ते बघा.

जपानीचंच घ्या. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली तेव्हा १५ देशांतून जेमतेम ७,००० जण बसले होते. जपानी मोटारी आणि टीव्ही तेव्हा जगभर खपत होते, पण गिऱ्हाइकाला भाषा लागत नव्हती. ती लागली कारखाने परदेशात गेल्यावर. ड्रॉइंग, दोषांचे अहवाल, जपानी सुपरवायझरशी रोजचं बोलणं, या सगळ्याला दुभाषी हवे झाले. पुण्यात जर्मन आणि जपानीचे वर्ग भरभरून चालतात त्यामागे चाकण-पिंपरीचे कारखाने आणि आयटी कंपन्या आहेत. पुढे नव्वदच्या दशकात जपानची भरभराट ओसरली, विद्यार्थी मात्र एकंदरीत वाढले. आज वर्षाला दहा लाखांच्या वर लोक ही परीक्षा देतात. कार्टून आणि गाणी हे एक कारण, पण पोटाशी जोडलेलं कारण वेगळं आहे. तो देश म्हातारा होतोय आणि त्याला काम करणारे हात हवेत.

एप्रिल २०१९ पासून जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ व्हिसा सुरू केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. रुग्णसेवा, शेती, हॉटेल अशी क्षेत्रं त्यात होतीच, २०२४ मध्ये शिलाईकामही आलं. सोलापुरात गणवेश शिवणारे हजारो हात आहेत, त्यांनी ही बातमी नीट वाचावी. अट अशी की जेएलपीटीची एन४ ही पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही रोजच्या जपानीची परीक्षा उत्तीर्ण, शिवाय कामाची वेगळी परीक्षा.

इथे घसरायला होतं ते असं. एन४ ला १८० पैकी ९० गुण लागतात, पण भाषा-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ वेगळे मिळवावेच लागतात. व्याकरण पाठ करून एकूण १०५ गुण मिळवले आणि ऐकण्यात १७ पडले, तर निकाल नापासच. म्हणून पहिल्या महिन्यापासून रोज अर्धा तास नुसतं ऐका. दुसरं, या परीक्षेत बोलणं अजिबात नाही, आणि मुलाखतीत तेच बघतात. तिसरं, जपानीच्या दोन मूळ लिप्यांपैकी मुलं हिरागाना घोकतात आणि काताकाना सोडून देतात. परदेशातून आलेल्या शब्दांची लिपी काताकाना, त्यामुळे यंत्रांच्या भागांची बरीच नावं त्यातच सापडतात. आपल्याला एक फायदा मात्र आयता आहे. जपानी अक्षरांचा क्रम मुळात आपल्या वर्णमालेवरून घडलेला आहे, आणि क्रियापद मराठी, कन्नड, तेलुगूसारखंच शेवटी येतं. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या पोरांना वाक्यरचना शिकवावी लागत नाही.

जर्मनीचं गणित वेगळं आहे. नर्सिंग केलेल्यांना तिथे पूर्ण मान्यतेसाठी जर्मन भाषेची साधारण बी२ (मध्यम-वरची) पातळी लागते, म्हणजे ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका. ‘सहा महिन्यांत बी२’ अशी जाहिरात दिसली की तासिकांना दिवसांनी भागून बघा. बी१ (बी२ च्या खालची पातळी) आणि बी२ च्या गोएथे या जर्मन भाषेच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग स्वतंत्र देता येतात. एक राहिला तर तेवढाच पुन्हा द्या.

कोरियन मालिकांमुळे ती भाषा आवडणं मी समजू शकतो, आणि आवडीने शिकायला कुणाची हरकत असावी? पण नेपाळमध्ये तिच्यासाठी रांगा लागतात त्या कोरियाच्या २००४ च्या ईपीएस या परदेशी कामगार-भरती योजनेमुळे. तिच्यातून मजूर थेट कोरियात जातात, आणि भारत त्या योजनेत नाही. नेपाळी मित्राचं बघून फी भरू नका.

राहिली चिनी. निर्यातीत चीन सगळ्यांच्या पुढे, तरी चिनी शिकणारे त्या मानाने फार कमी. भाषा गरजेपोटी कशी येते याचं उदाहरण मात्र सोलापूरचंच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी शिकले आणि त्याच भाषेत शिकवूही लागले.

आता विकणाऱ्यांचं. टॉवेल बाहेर पाठवणाऱ्यांना परदेशी भाषा खरोखर भेटते ती लेबलवर. युरोपात २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमानुसार कापडातल्या धाग्यांचं प्रमाण ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावं लागतं. म्हणजे एकाच मालाला जर्मनीत बाउमवोल्लं, स्पेनमध्ये आल्गोदोन आणि पोलंडमध्ये बावेउना. पोलिशमध्ये ‘एल’वर आडवी रेघ असलेलं अक्षर येतं. लेबल छापणाऱ्याच्या फॉन्टमध्ये ते नसेल तर जागी चौकोन उमटतो, आणि तो शिवून झाल्यावरच कुणाच्या तरी लक्षात येतो.

अरबी लेबलचा घोटाळा याहून मोठा. अरबी उजवीकडून डावीकडे जाते आणि शब्दातली बहुतेक अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. अरबीची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर पेस्ट केला की अक्षरं सुटी होतात आणि क्रम उलटा होतो. ज्याला लिपी येत नाही त्याला दोन्ही सारखीच दिसतात. बायरकडून मजकूर टाइप केलेला घेऊ नका, अक्षरांचे कर्व्ह केलेली (म्हणजे अक्षरं फॉन्टऐवजी रेषाकृतींत बदललेली) पीडीएफ मागा. छापून आलेला पहिला नमुना त्या पीडीएफशेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवा, मूळ फाइलमध्ये जोडलेलं अक्षर नमुन्यात सुटं दिसलं तर तिथेच थांबा. फोटो बायरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्याचं लेखी ‘ओके’ आल्यावरच रोल छापायला सांगा, आणि धुतल्यावर शाई टिकते का तेही त्याच नमुन्यावर बघून घ्या.