महाशीर वाचवायला किती देणार?

गळ टाकणारा माणूस कंजूष असतो असं कोणी म्हणालं ना, तर त्याला आमच्यापैकी कोणाचाही टॅकल बॉक्स उघडून दाखवा. बाराशेचा ल्यूर, म्हणजे नकली आमिष, गळ पहिल्यांदा फेकतानाच दगडात अडकून तुटतो तरी आम्ही दुसरा लावतो, घरी मात्र किंमत अर्धीच सांगायची.

परवा बेलापूर जेट्टीवर भरतीची वाट बघत बसलेलो, जिताडा काय लागत नव्हता, तेव्हा एकाने विचारलं की कावेरी नदीतला महाशीर मासा वाचवायला वर्षाला हजार रुपये कोण कोण देईल? सगळ्यांनी हात वर केले. मग तो म्हणाला चला, जीपे करा, तर प्रत्येकाला अचानक पाण्यावर तरंगणाऱ्या आपापल्या फ्लोटकडे बघायचं होतं 😄 "किती द्याल" असं विचारणाऱ्या सर्व्हेत पण हेच होतं म्हणे, तोंडी आकडा नेहमी मोठा. पण खरी गोष्ट वेगळीच, थोड्या वेळाने एक काका म्हणाले, "देतो रे, पण जाणार कुठे ते सांग की आधी." मला हा प्रश्न एकदम बरोबर वाटला.

अमेरिकेत 1950 पासून गळाच्या काठी-चक्रीवर (रॉड-रील) 10 टक्के कर आहे आणि तो पैसा माशांच्याच कामाला जातो, त्यामुळे तिथे कोणाला वेगळं विचारावंच लागत नाही. आपल्याकडे कावेरीवर भीमेश्वरी, गालीबोरेला अँगलिंगचे, म्हणजे हौशी गळ-मासेमारीचे, कॅम्प होते, मासा पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. आधी चोरून मासेमारी करणारे गावातले लोक तिथे गाईड झाले, राखण पण तेच करायचे, कारण मासा जिवंत राहिला तर पगार. नंतर अभयारण्यात अँगलिंग बंद झालं आणि हा पैसाही आटला. पाण्यात जिलेटिनच्या कांड्या फोडून मासे मारणाऱ्याला मात्र परमिट कधी लागतच नव्हतं.

आणि नुसता पैसा ओतून पण भागत नाही हां. आपल्या लोणावळ्यात टाटांची हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायची जागा, आहे, निळसर परांचा महाशीर तिथे वाढवतात, काम चांगलंच आहे, पण तीच पिल्लं कावेरीत पण सोडली गेली आणि ती तिथली नव्हतीच. ती तिथे अशी माजली की मूळचा केशरी परांचा, पाठीला कुबड असलेला महाशीर मागे पडला. त्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे 2018 ला नक्की झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत पण गेला, म्हणजे नावाचा घोळ मिटेपर्यंत मासाच संपत आलेला. धरणं, वाळू उपसा हे वेगळंच.

मी तर दोन हजार पण देईन, पण काठावरच्या राखणदाराच्या पगाराला. पिल्लं सोडायच्या कार्यक्रमाला, बॅनर आणि पाहुण्यांसकट, एक रुपया पण मिळणार नाही माझ्याकडून.